लस होती, ड्युटीत वेळ नव्हती : एसटी आणि काळी-पिवळीवाल्यांचे डोस का राहिले?

येलदरी (ता. जिंतूर) : पूर्णा नदीवरच्या धरणामुळे येलदरीचं नाव मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. पण इथल्या माणसाला मोठा दवाखाना, तहसील किंवा बाजार गाठायचा तर पंधरा-एक किलोमीटरवरचं जिंतूर, नाहीतर पूर्णा ओलांडून सेनगाव. स्वतःची मोटारसायकल नसेल तर एसटी, नाहीतर काळी-पिवळी, नाहीतर ॲपे. म्हाताऱ्या माणसाला सलाईन लावायला न्यायचं असो की पोरीला कॉलेजला पाठवायचं असो, स्टेअरिंगवर दुसराच कोणीतरी असतो.

कोरोनाच्या काळात आपण विचारत होतो, गावात लसीकरण किती टक्के झालं? सरपंचाला विचारलं, आशाताईला विचारलं. पण ज्या गाडीत आपण रोज बसतो तिच्या ड्रायव्हर-कंडक्टरने लस घेतली का, कोणत्या महिन्यात घेतली, दुसरा डोस झाला का, हे फारसं कोणी विचारलं नाही. कंडक्टर तर अख्ख्या गाडीत प्रत्येक सीटपाशी जाणारा माणूस. नोट हातात घेतो, सुट्टे परत देतो, वाकून ऐकतो कुठं जायचंय ते. एका फेरीत पन्नास-साठ माणसं त्याच्या श्वासाच्या अंतरावरून जातात. दिवसाला चार फेऱ्या धरा.

हे आता काढायचं कारण म्हणजे कोरोना मागं पडला, पण त्या वेळी लसीबद्दल जे मनात बसलं ते गेलेलं नाही. स्टॅण्डवर आजही कोणाला हार्ट अटॅक आला की पहिलं वाक्य येतं, "लसीमुळे झालं." उद्या दुसरी साथ आली, किंवा साध्या फ्लूची लस घ्यायची वेळ आली, तर हीच माणसं पुन्हा त्याच जागी उभी असतील. म्हणून गेल्या वेळी नेमकं कुठं अडलं, ते नीट बघायला पाहिजे.

पहिल्या यादीत नाव नव्हतं

देशात लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं. आधी डॉक्टर, नर्स, आशा, अंगणवाडी कार्यकर्त्या. फेब्रुवारीत फ्रंटलाइनवाले म्हणजे पोलीस, होमगार्ड, सैन्य, महसूलचे लोक, नगरपालिका-महापालिकेचे कर्मचारी. एसटीचे चालक-वाहक या यादीत नव्हते. संघटनांनी मागणी केली, पण देशपातळीची यादी तशीच राहिली.

आता मागची गोष्ट आठवा. मार्च 2020 मध्ये एसटी बंद झाली तरी सगळी बंद नव्हती. त्याच मे महिन्यात पायी निघालेल्या परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत एसटीनेच सोडलं. मुंबईत लोकल सर्वसामान्यांसाठी बंद असताना बेस्टच्या मदतीला राज्यभरातल्या आगारांतून गाड्या आणि माणसं पाठवली गेली. तिथून परतलेल्यांना कोरोना झाल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. राज्यात शेकडो एसटी कर्मचारी कोरोनाने गेले. इंग्लंडमध्ये सरकारी आकडेवारी खात्याने 2020 मधल्या मृत्यूंचा धंद्याप्रमाणे हिशेब काढला तेव्हा बसचालक आणि टॅक्सीचालक पुरुषांमध्ये मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतर पुरुषांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे हे काम धोक्याचं आहे हे जगाला कळलेलं होतं.

त्यात पगाराचा विषय. 2020 साली एसटी कामगारांचे तीन महिन्यांचे पगार थकले होते आणि दिवाळीच्या तोंडावर सरकारने पैसे दिले तेव्हा ते झाले. लसीशी याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. ज्या व्यवस्थेने पगार वेळेवर दिला नाही, ड्युटीला मात्र बोलावलं, आणि लसीच्या यादीत मागं ठेवलं, तिच्यावर भरवसा ठेवून दंड पुढं करायचा होता. माणूस विज्ञानावर शंका घेत नाही कधी कधी, तो सांगणाऱ्यावर घेतो.

आदेश आधी, परवानगी नंतर

एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट आली. राज्य सरकारने 'ब्रेक द चेन'चे आदेश काढले. त्यात सार्वजनिक वाहतुकीबद्दल स्पष्ट लिहिलं होतं की लोकांच्या संपर्कात येणाऱ्या चालक आणि इतर कर्मचाऱ्यांनी केंद्राच्या निकषाप्रमाणे लवकरात लवकर लस घ्यावी, आणि लसीकरण पूर्ण होईपर्यंत कोरोना निगेटिव्ह असल्याचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं. ते प्रमाणपत्र पंधरा दिवस चालणार.

वाचायला बरोबर वाटतं. पण त्या वेळी निकष काय होता? 1 एप्रिल 2021 पासून फक्त 45 वर्षांवरच्या लोकांना लस होती. समजा एक ड्रायव्हर 38 वर्षांचा आणि त्याचा कंडक्टर 47 वर्षांचा. गाडी एक, रूट एक, प्रवासी तेच. कंडक्टरला लस मिळते, ड्रायव्हरला नाही. ड्रायव्हरने दर पंधरा दिवसांनी नाकात काडी घालून घ्यायची आणि कागद खिशात ठेवायचा.

1 मे 2021 ला 18 वर्षांवरच्यांसाठी लस उघडली. मे महिना अर्धा व्हायच्या आत राज्यात 18 ते 44 वयाचं लसीकरण थांबवावं लागलं, कारण साठाच नव्हता. जी होती ती 45 च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसला वळवली. पुढं 21 जूनपासून केंद्राने सगळ्यांना मोफत लस द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठं तरुण कर्मचाऱ्यांचा नंबर लागला. म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर.

मधल्या दिवसांत आणखी एक भानगड होती. 18 ते 44 वाल्यांना आधी कोविन ॲपवर स्लॉट बुक करायचा होता. स्लॉट उघडला की काही मिनिटांत संपायचा. शहरातली पोरं लॅपटॉप घेऊन बसायची आणि खेड्यातल्या केंद्राचा स्लॉट घ्यायची, गाडी काढून येऊन लस टोचून जायची. ही गोष्ट राज्यभर घडली. आता ड्रायव्हरने स्टेअरिंग सोडून ओटीपी टाकायचा का? गाडी चालवताना मोबाईल हातात घेतला तर त्याच्यावर कारवाई होते, आणि व्हायलाच पाहिजे.

दहा डोसची बाटली

खरी अडचण मात्र अगदी बारीक जागी होती. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस असायचे. बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेले डोस फेकून द्यायचे. वाया गेलेल्या डोसचा हिशेब वर द्यावा लागायचा. त्यामुळे केंद्रावरची सिस्टर दहा माणसं जमेपर्यंत थांबायची. यात तिची चूक नव्हती. तिला तसंच सांगितलेलं होतं. कोव्हॅक्सिनची सुरुवातीची बाटली तर वीस डोसची होती.

शेतकऱ्याला हे जमतं. दोन तास झाडाखाली बसला, गप्पा मारल्या, नंबर आला की टोचून घेतली. एसटीवाल्याचा दिवस असा नसतो. पहिली गाडी पहाटेच निघते, त्याच्याही आधी डेपोत हजेरी. कंडक्टरला तिकीट मशीन आणि वेबिल घ्यायचं, ड्रायव्हरला गाडी तपासून घ्यायची. शेवटची फेरी संपली की कंडक्टरला कॅश भरायची. केंद्र चालायचं साधारण सकाळी नऊ-दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत. नेमकी तीच वेळ गाडी रस्त्यावर असते. मधे स्टॅण्डवर वीस मिनिटं मिळाली तर चहा, लघवी आणि पुढच्या फेरीची पाटी. वीस मिनिटांत दहा माणसं कुठून जमवायची? आणि टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचा नियम होता, तो वेगळाच.

मुक्कामी गाडीवाल्यांचं तर बघायलाच नको. संध्याकाळी डेपोतून निघालेली गाडी एखाद्या खेड्यात मुक्कामाला थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच, नाहीतर समाजमंदिरात, नाहीतर एखाद्याच्या ओसरीवर झोपतात आणि उजाडायच्या आत गाडी परत निघते. ही माणसं गावात असतात तेव्हा उपकेंद्राला कुलूप असतं, आणि उपकेंद्र उघडतं तेव्हा ती दुसऱ्या तालुक्यात असतात. स्वतःच्या गावी सुट्टीला आली तर त्या दिवशी तिथं लसीचा दिवस असेलच असं नाही.

नोव्हेंबर 2021 मध्ये 'हर घर दस्तक' मोहीम निघाली. ज्या जिल्ह्यांत पहिला डोसच निम्म्या लोकांचा झाला नव्हता त्यांची यादी दिल्लीत वाचली गेली, त्यात शेजारचे हिंगोली आणि नांदेड, तसंच औरंगाबाद हे जिल्हे होते. आशाताई घरोघर फिरल्या, उन्हातान्हात फिरल्या. पण दार वाजवलं तेव्हा घरात बायको आणि आई. ड्रायव्हर ड्युटीवर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने 2014 मध्ये, म्हणजे कोरोनाच्या कितीतरी आधी, लोक लस का टाळतात याची तीन कारणं मांडली होती. लसीवर आणि देणाऱ्यावर भरवसा नसणं, आपल्याला काय होतंय ही बेफिकिरी, आणि सोय नसणं. आपल्याकडे भाषणं झाली ती सगळी पहिल्या दोनवर. अफवांवर विश्वास ठेवू नका, निष्काळजी राहू नका. तिसऱ्याला कोणी हात लावला नाही, कारण तिथं लोकांना नाही, कार्यालयांना बदलावं लागतं. जिथं शिबिर आगारात भरवलं, ड्युटीवरून सुटणाऱ्यांच्या वेळेला भरवलं, तिथं काम सोपं झालं. एका आगारात दहा माणसं जमवायला दहा मिनिटं लागतात.

यात एक गंमत आहे. पोलिओच्या मोहिमेत आरोग्य खात्याने एसटी स्टॅण्डवर बूथ लावण्याची पद्धत कितीतरी वर्षं चालवली. प्रवासातलं एकही लेकरू सुटू नये म्हणून. गाडीत चढून लेकरांना थेंब पाजलेले सगळ्यांनी बघितलेत. म्हणजे स्टॅण्ड ही लस द्यायची जागा आहे हे खात्याला पाठच होतं. फक्त त्या गाडीच्या ड्रायव्हरला कोणी विचारलं नाही.

तापाची भीती

लस घेतल्यावर पुष्कळ जणांना एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंड दुखणं झालं. शरीर लसीला ओळख देतं त्याची ती खूण. धोक्याचं नसतं. पण घरी पडून राहणाऱ्याचा ताप वेगळा आणि दुसऱ्या दिवशी चाळीस-पन्नास जीव घेऊन गाडी चालवणाऱ्याचा ताप वेगळा. गोळी खाऊन गाडी हाणली आणि घाटात डोळा लागला तर?

मग रजा घ्यायची. कायम कर्मचाऱ्याला रजा असते, पण माणसं कमी असली की ती मंजूर होतेच असं नाही. एकजण गैरहजर राहिला की फेरी रद्द, नाहीतर दुसऱ्याला डबल ड्युटी. फेरी रद्द झाली की गावातून फोन, शाळेच्या पोरांची बोंब. त्यामुळे लस घ्या म्हणणारा आदेश एकीकडून आणि गाडी सुटलीच पाहिजे हा आदेश दुसरीकडून. ज्याला महिन्याचं घर चालवायचंय तो "सुट्टीच्या दिवशी घेऊ" म्हणतो. सुट्टीच्या दिवशी शेताला पाणी द्यायचं असतं. इथले बरेच एसटीवाले शेतीवालेही आहेत.

लसीला नकार म्हणून ज्याची नोंद झाली असेल, त्यातला मोठा भाग असा ढकलत नेलेला असणार. असा माणूस लसीचा विरोधक नसतो, त्याला एक सुट्टी हवी असते.

व्हॉट्सॲपवर काय फिरलं

अफवांचा वाटा नव्हता असं म्हणणं खोटं होईल. मे 2021 मध्ये फ्रान्सच्या एका नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाच्या नावाने मेसेज फिरला की लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार. तो खोटा होता, केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तसं जाहीरही केलं. दोन वर्षं कधीच होऊन गेली. वांझपणाची, मर्दानगी जाण्याची अफवा होती, ती तरुण कर्मचाऱ्यांत जास्त चालली. जून 2021 मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे-नाणी चिकटतात असा व्हिडिओ आला. अंधश्रद्धा निर्मूलनच्या कार्यकर्त्यांनी लोकांसमोर दाखवून दिलं की घामट अंगाला लस न घेता पण नाणं चिकटतं. अंगाला पावडर लावा आणि बघा.

डेपोच्या विश्रांतीगृहात मेसेज जेवढा वेगात फिरतो तेवढा गावात पण फिरत नाही. एका खोलीत दहा गावची माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, पुढची ड्युटी दोन तासांनी. पण त्याच खोलीत उलटं पण घडतं. एखाद्या जुन्या, मान असलेल्या ड्रायव्हरने टोचून घेतली आणि तिसऱ्या दिवशी तो गाडीवर आला की दहा जणांची भीती आपोआप जाते. पोस्टरपेक्षा जोडीदाराचा दंड जास्त बोलतो.

संप, आणि चुकलेला दुसरा डोस

मे 2021 च्या मध्यात कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर 12 ते 16 आठवडे केलं गेलं. आधी चार ते सहा आठवडे होतं, मग सहा ते आठ झालं, मग हे. त्यामागं शास्त्र होतं, पण दोनदा बदललेली तारीख लोकांच्या लक्षात राहत नाही. कोविनवर 84 दिवस मोजले जायचे.

आता हिशेब करा. एखाद्या कंडक्टरने 1 ऑगस्ट 2021 ला पहिला डोस घेतला. 84 दिवस म्हणजे 24 ऑक्टोबर. त्याच आठवड्यात एसटीचं आंदोलन सुरू झालं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यातले जवळपास सगळे डेपो बंद पडले. विलीनीकरणाच्या मागणीचा तो संप. नव्वद हजारांच्या आसपास कर्मचारी. कोणी निलंबित, कोणी बडतर्फ, कोणी आझाद मैदानावर, कोणी गावाकडे मजुरीला. पगार बंद. अशा वेळी दुसऱ्या डोसची तारीख कोणाच्या डोक्यात राहणार? जे एक ठिकाण होतं, जिथं सगळे एकत्र सापडले असते, ते आगारच बंद होतं.

आणि नेमकं त्याच वेळी, 27 नोव्हेंबर 2021 ला, राज्य सरकारने नियम काढला की सार्वजनिक वाहतूक फक्त दोन्ही डोस पूर्ण झालेल्यांसाठी. नियम मोडला तर प्रवाशाला 500 रुपये दंड, टॅक्सी-बसच्या ड्रायव्हर, मदतनीस, कंडक्टरलाही 500, आणि बस असेल तर मालक संस्थेला 10 हजार. नियम कडक होता. पण एसटी उभी होती.

निर्बंध मार्च 2022 च्या शेवटी, गुढीपाडव्याच्या तोंडावर उठले. हायकोर्टाने एसटी कर्मचाऱ्यांना कामावर यायला 22 एप्रिल 2022 ची मुदत दिली. म्हणजे माणसं गाडीवर परतली तेव्हा सर्टिफिकेट विचारणारं कोणी उरलं नव्हतं. ज्यांचा दुसरा डोस तोवर राहिला होता त्यांना आता ना भीती होती ना सक्ती. तिसऱ्या, म्हणजे प्रिकॉशन डोसची गोष्ट त्याहून पातळ. 18 ते 59 वाल्यांना तो एप्रिल 2022 पासून खाजगीत विकत होता, लसीचे 225 आणि वर जास्तीत जास्त 150 रुपये. मोफत झाला 15 जुलैपासून, तोही 75 दिवसांसाठी.

काळी-पिवळीवाला कोणाच्या यादीत?

संपाच्या त्या सहा महिन्यांत येलदरी-जिंतूरसारख्या रस्त्यांवर लोकांना नेलं कोणी? काळी-पिवळी, ॲपे, जीपवाल्यांनी. दाटीवाटीने नेलं, बसच्या दुप्पट जवळ बसवून नेलं. एसटीवाल्याला निदान डेपो आहे, हजेरीपट आहे, साहेब आहे, संघटना आहे. शिबिर घ्यायचं म्हटलं तर कुठं घ्यायचं हे माहीत असतं. जीपवाल्याला यातलं काहीच नाही. तो कोणाच्या यादीत नव्हता. आरटीओकडे त्याची गाडी नोंदलेली असते, आरोग्य खात्याकडे तो फक्त गावचा एक माणूस.

त्याला रजा हा शब्दच नाही. गाडी उभी राहिली तर त्या दिवशीचं उत्पन्न शून्य, आणि फायनान्सचा हप्ता तारखेला ठरलेला. लसीनंतर दोन दिवस ताप म्हणजे दोन दिवसांची भाकरी. पेट्रोल मिळणार नाही, रेशन मिळणार नाही अशी सक्ती औरंगाबाद जिल्ह्यात नोव्हेंबर 2021 मध्ये झाली, तेव्हा लोक केंद्रावर गेले हे खरं आहे. पण सक्तीने एक डोस होतो. दुसऱ्याला माणूस स्वतःहून आला पाहिजे. जीप स्टॅण्डवर सकाळच्या नंबराला पंधरा गाड्या उभ्या असतात. दहाची बाटली तिथं सहज संपली असती.

हार्ट अटॅक लसीमुळे येतो का?

हा प्रश्न आज सगळ्यात जास्त विचारला जातो, त्यामुळे जरा सविस्तर.

कोविशिल्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेकाची लस, पुण्याच्या सीरमने बनवलेली. या लसीमुळे फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा आजार होऊ शकतो, हे कंपनीने इंग्लंडच्या कोर्टात मान्य केल्याची बातमी एप्रिल 2024 मध्ये आली आणि पुन्हा घबराट झाली. खरं तर ही गोष्ट 2021 पासूनच डॉक्टरांना माहीत होती. भारतात केंद्राच्या समितीने मे 2021 मध्ये सांगितलं होतं की तपासलेल्या गंभीर प्रकरणांत गुठळ्यांची 26 संशयित प्रकरणं आढळली, म्हणजे दहा लाख डोसमागं एकाहूनही कमी. दुसरं म्हणजे हा त्रास व्हायचा तर लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होतो. 2021 ला टोचलेली लस आज स्टेअरिंगवर गुठळी करत नाही.

तरुण माणसं अचानक का जातात, यावर आयसीएमआरने 18 ते 45 वयाच्या लोकांचा देशभरातल्या मोठ्या दवाखान्यांतून अभ्यास केला. तो 2023 च्या शेवटी छापून आला. त्यात लसीमुळे अचानक मृत्यूचा धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोका कशाने वाढलेला दिसला? आधी कोरोना होऊन दवाखान्यात भरती झालेले, घराण्यात कोणी असं अचानक गेलेलं, मृत्यूच्या दोन दिवस आधी भरमसाट दारू, नशा, आणि जोराची मेहनत.

ड्रायव्हरच्या जगण्याकडे बघा. तासन्‌तास बसून, झोप मोडलेली, जेवणाची वेळ नाही, तोंडात तंबाखू नाहीतर गुटखा, लघवी दाबून धरलेली, पाणी कमी. बीपी आणि शुगर कोणी तपासलेली नाही. कोण्या ड्रायव्हरला गाडीवर झटका आला तर कारण शोधायला इतकं लांब जायची गरज नसते. पण तंबाखूला दोष दिला तर सोडावी लागते. लसीला दोष दिला तर काही सोडावं लागत नाही.

आता करायचं काय

जे गेलं ते गेलं. पण कामाच्या काही गोष्टी आहेत.

वर्कशॉपमधला मेकॅनिक, टायर बदलणारा ड्रायव्हर, पत्र्याने हात कापलेला क्लीनर, यांना धनुर्वाताची भीती खरी आहे. त्याची टीडीची लस सरकारी दवाखान्यात मिळते. शेवटची कधी घेतली ते आठवत नसेल किंवा दहा वर्षं होऊन गेली असतील, तर जखम व्हायची वाट न बघता डॉक्टरांना विचारा. जखम झालीच तर त्याच दिवशी जा.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. आपल्याकडे ती पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी. ती बहुतेक वेळा पदरचे पैसे घालून खाजगीत घ्यावी लागते. साठीकडे झुकलेले, शुगर, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेले ड्रायव्हर-कंडक्टर यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

आणि पुढच्या वेळी कुठलंही लसीकरण आलं, तर आगारप्रमुखाकडे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आधीच पाच गोष्टी लेखी मागता येतात. ग्रामपंचायतीलाही मागता येतात, कारण गाडी गावाची आहे. शिबिर आगारातच भरवा. ते सकाळची पाळी सुटते आणि दुपारची चढते त्या वेळेला ठेवा. ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी गाडी देऊ नका, ती सुट्टी हजेरीत धरा. मुक्कामी गाड्यांच्या माणसांची वेगळी यादी करा आणि त्यांना ज्या गावात रात्र काढावी लागते तिथल्या उपकेंद्रात संध्याकाळी टोचा. काळी-पिवळीवाल्यांसाठी स्टॅण्डवरच टेबल मांडा.

ज्यांना जुनं कोविन सर्टिफिकेट लागतं, परदेशी जाणाऱ्या नातेवाइकांसाठी म्हणा की नोकरीच्या कागदांसाठी, त्यांनी नाव, जन्मवर्ष आणि दोन्ही डोसच्या तारखा एकदा तपासून घ्याव्यात. घाईत मोबाईल नंबर दुसऱ्याचा टाकलेला असणं हा तेव्हाचा नेहमीचा घोळ आहे. एका नंबरवर चौघांची नोंद चालायची, त्यामुळे कित्येक ड्रायव्हरांचं सर्टिफिकेट आजही दुसऱ्याच कोणाच्या मोबाईलवर पडून असेल.